रोटाचे दळण आणि चक्कीची शुद्धी

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत घरोघरी कानबाई बसते. नारळाला नाक-डोळे लावून, नथ घालून देवी मांडतात, रात्र जागवतात आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन करतात. या सणाचा गाभा म्हणजे रोट. घराघरांत रीत थोडी वेगळी असते, पण सर्वसाधारणपणे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात, ते दळतात आणि त्या पिठाचा नैवेद्य भाऊबंदच खातात. पूर्वी हे दळण घरच्या घरोटावर, म्हणजे जात्यावर होई. आता ते चक्कीवर जाते, आणि त्याआधी चक्कीवाल्याला सांगून ठेवावे लागते. तो त्या दिवसासाठी चक्की धुऊन-पुसून ठेवतो. वर्षभर ज्या चक्कीवर कोणाचेही दळण बिनतक्रार होते, ती एका दिवसापुरती शुद्ध करून घ्यावी लागते. दगडाला चिकटलेले पीठ निघणे आणि दगड शुद्ध होणे, ही एकच गोष्ट की दोन?

उत्तरासाठी आधी दगडाकडेच पाहावे लागते. चक्कीत दोन गोल दगड समोरासमोर असतात, एक स्थिर आणि एक पट्ट्याच्या जोरावर फिरणारा. दोहोंच्या तोंडावर टाकीने चाऱ्या पाडलेल्या असतात. धान्य मधल्या भोकातून शिरते, चाऱ्यांमधून कडेकडे सरकता सरकता बारीक होते आणि पीठ होऊन बाहेर पडते. मात्र सगळे बाहेर पडत नाही. चाऱ्यांच्या तळाशी, आवरणाच्या कोपऱ्यांत, पीठ उतरते त्या कापडी तोंडाच्या चुण्यांमध्ये आधीच्या गिऱ्हाइकाचे दळण राहतेच. खानदेशात ते बहुधा दादर ज्वारीचे किंवा कळण्याचे असते. कळण्यात ज्वारीबरोबर उडीद असतो, आणि उडदाचे पीठ श्रावणातल्या दमट हवेत चारीला घट्ट धरून बसते.

म्हणून सफाईचा क्रम ठरलेला आहे. वीज तोडायची, पट्टा उतरवायचा, दगड मोकळे करायचे आणि ताठ केसांच्या कुंचल्याने एकेक चारी मधून कडेकडे झाडायची. पाणी बाहेरच्या भागांना चालते, दगडाच्या तोंडाला नाही. पिठावर पाणी पडले की लगदा होतो, चारीत वाळून बसतो, आत ओल राहिली तर आंबतो, आणि पुढच्या दळणाला त्याचा वास लागतो. फडके फिरवायचेच तर घट्ट पिळलेले, आणि त्यानंतर दगड पुरता वाळेपर्यंत थांबायचे. शेवटी मूठ-दोन मुठी गहू वैरून ते पीठ बाजूला काढायचे. ते जनावरांच्या आंबोणात जाते. कुंचला पोहोचत नाही तिथला कण हे पहिले पीठच ओढून आणते. पण इतके करूनही एखादा कण मागे राहतो. ज्या यंत्राचे कामच कण धरून चिरडण्याचे आहे, ते कधीही पूर्ण रिकामे होत नाही.

सफाई पूर्ण होणार नसेल, तर ती पुरेशी कधी मानायची? धर्मशास्त्राने हा प्रश्न टाळलेला नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि याज्ञवल्क्यस्मृतीतही ते आहे. धातू, दगड, लाकूड, कापड, धान्य यांच्या शुद्धीचे उपाय तिथे वेगवेगळे सांगितले आहेत. लाकडी वस्तू तासून शुद्ध होते, धान्याच्या मोठ्या राशीवर पाणी शिंपडले तरी पुरते. सर्व वस्तूंना लागू पडणारी कसोटी मात्र साधी आहे: लागलेल्या घाणीचा वास आणि लेप जाईपर्यंत माती-पाणी वापरावे. म्हणजे मर्यादा माणसाच्या नाका-डोळ्यांनी ठरते. ज्याचा दोष दिसत नाही ते शुद्ध धरावे, असेही तिथे म्हटले आहे. कसोटी सैल वाटेल, पण ती आळशाला सवलत देत नाही. नाक-डोळे लावून पाहिल्याशिवाय तिचा उपयोगच करता येत नाही. चारीला कळणे चिकटलेले असताना दगडाला हळदकुंकू लावले, तर शास्त्राच्या हिशेबानेही दगड शुद्ध झालेला नाही. शुद्धी स्वच्छतेहून वेगळी असेल, पण स्वच्छता वगळून ती उभी राहत नाही.

दुसरा दोष याहून अवघड आहे, कारण तो कुंचल्याने जात नाही. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातली नकळत हिंसेची पाच ठिकाणे दिली आहेत: चूल, दळण्या-वाटण्याचा दगड, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. गव्हातला सोंडकिडा पाहिला की यातली अचूकता कळते. मादी दाण्याला बारीक भोक पाडते, आत अंडे घालते आणि भोक बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आतच वाढते. बाहेरून दाणा धड दिसतो, चाळणीतून आणि सुपातून सुटतो आणि दगडाखाली जातो. कितीही निवडले तरी पावसाळ्यातले दळण संपूर्ण अहिंसक होईल, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. काही जैन घरांत दळलेले पीठ किती दिवस वापरायचे याची मर्यादा ऋतूनुसार पाळतात आणि पावसाळ्यात ती सर्वांत कमी ठेवतात. त्यामागेही हीच जाणीव आहे.

या दोषावर शास्त्राचा उपाय सफाईचा नाही, वाटून खाण्याचा आहे. पाच ठिकाणांच्या दोषासाठी पाच महायज्ञ: स्वाध्याय, पितर, देव, भूतमात्र आणि अतिथी. दळणाऱ्या बाईने घरोटाभोवतीचे पीठ मुंग्यांना ठेवणे हे या विचाराचे सर्वांत लहान आणि सर्वांत प्रामाणिक रूप आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला, केवळ स्वतःसाठी शिजवणाऱ्याविषयीचा कठोर शब्दही याच संदर्भात वाचला जातो. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनी घरोटावर कविता केली. त्यांच्यासारख्या दळणाऱ्या बायकांना हे ग्रंथातून शिकावे लागले नाही.

इथेच रोटाच्या रीतीतली अडचण उभी राहते. पीठ शुद्ध ठेवण्याचा आग्रह ते खाणाऱ्यांच्या शुद्धतेपर्यंत पोहोचतो, आणि नैवेद्य भाऊबंदांपुरता राहतो. कुळाचा प्रसाद कुळात राहावा, हे समजण्यासारखे आहे. ती आप्तपणाची खूण आहे. पण वस्तूंच्या शुद्धीत इतके उदार असलेले हेच ग्रंथ माणसांच्या बाबतीत निर्दय झाले, हे विसरता येत नाही. कारागिराचा हात नेहमी शुद्ध असतो, असे म्हणणारी मनुस्मृतीच काही माणसांचा स्पर्श निषिद्ध ठरवते. ही विसंगती अमळनेरला शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींना सहन झाली नाही. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली ते उपोषणाला बसले. चक्कीचा दगड झाडावा लागतो, कारण त्याला खरोखर काही चिकटते. माणसाच्या जन्माला असे काही चिकटत नाही, म्हणून त्याला द्रव्यशुद्धीचा नियम लावणे ही मुळातली चूक आहे.

चक्कीच्या दुरुस्तीचा प्रश्नही सफाईशी जोडलेला आहे. दगड झिजला की चाऱ्या उथळ होतात, धान्य चिरडण्याऐवजी घासले जाते आणि पीठ तापते. तेव्हा टाकी लावावी लागते. छिन्नीने चाऱ्या पुन्हा खोल करतात, कडेला उथळ आणि मध्याकडे खोल. टाकीनंतरच्या पहिल्या दळणात दगडाची कच येते. ते पीठ खाण्याला चालत नाही, मग नैवेद्याला कुठून चालणार? म्हणून टाकी आषाढातच लावून घ्यावी आणि मधल्या दळणांत कच निघून जाऊ द्यावी. दगडांतले अंतर स्क्रूने जुळवताना अंगठा आणि तर्जनीत पीठ चोळून पाहतात. पुरणपोळीला ते मऊ लागते. पण त्यासाठी दगड फार आवळले तर ते एकमेकांना घासतात आणि कच पुन्हा सुरू होते. एकदम आवळू नये. थोडे फिरवावे, मूठभर दळावे, हाताने पाहावे.

आता पुष्कळ घरांत घरघंटी आहे. तिच्यात दगड नसतात. फिरणारी पाती धान्य फोडतात आणि पीठ जाळीतून खाली उतरते. परक्या दळणाचा प्रश्न तिथे उरत नाही, म्हणून काही घरे रोट तिच्यावरच दळतात. तरी जाळीच्या छिद्रांत आणि डब्याच्या कोपऱ्यांत कालचे बेसन असतेच. कसोटी तीच राहते: वास आणि लेप. जाळी काढून झाडावी, पातीमागची भिंत कोरड्या फडक्याने पुसावी, आणि पहिली मूठ जनावराला घालावी.