न ऐकू येणाऱ्या स्वरांचे ऋण

हौसेने पत्करलेल्या कामात कसूर झाली, तर तिला दोष म्हणावे काय? ज्या कामाचा मोबदला मिळत नाही आणि ज्यातली चूक बहुधा कुणाच्या लक्षातही येत नाही, त्यासाठी माणसाने किती झिजावे? प्रश्न किरकोळ वाटतो खरा; परंतु आपले निम्मे सार्वजनिक जीवन अशाच बिनपगारी कामांवर उभे आहे. म्हणून आज एका लांबच्या उदाहरणाच्या आधारे आपण त्याचा विचार करू या.

युरोप-अमेरिकेत अनेक ठिकाणी हौशी वाद्यवृंद आहेत. शिक्षक, डॉक्टर, कारकून, निवृत्त माणसे आठवड्यातून एका संध्याकाळी जमतात, तालीम करतात आणि काही महिन्यांनी कार्यक्रम सादर करतात. अशा एका वाद्यवृंदाने हायडन या संगीतकाराची ‘क्रिएशन’ ही रचना बसवायला घेतली आहे, असे समजू. १७९८ साली व्हिएन्नामध्ये ती प्रथम सादर झाली. उत्पत्तीचे पुस्तक, स्तोत्रे आणि मिल्टनचे महाकाव्य यांच्या आधारे विश्वाच्या निर्मितीचे गान तीत केले आहे. पहिल्या भागाच्या शेवटचे समूहगीत तर एकोणिसाव्या स्तोत्रावरच बेतले आहे.

या रचनेत तीन ट्रॉम्बोन आहेत. लग्नाच्या बँडमध्ये पुढे-मागे सरकणाऱ्या नळीचे जे पितळी वाद्य दिसते, तोच ट्रॉम्बोन. बास ट्रॉम्बोन हा त्याचा धाकट्यांना सांभाळणारा थोरला भाऊ. त्याच्या मूळ नळीची लांबी तेवढीच, सुमारे नऊ फूट. पण पोकळी रुंद आणि माऊथपीस मोठा. खालच्या स्वरांना श्वास भराभर संपतो. स्लाइडच्या सात जागा असतात, पण तिच्यावर एकही खूण नसते. कान आणि हात यांनीच जागा शोधायची. असे हे जड वाद्य ‘क्रिएशन’मधल्या समूहगीतांत ठिकठिकाणी द्रुतगतीने धावते. व्यावसायिक वाद्यवृंदांत बास ट्रॉम्बोनवादक निवडताना याच रचनेतले उतारे परीक्षेला वाजवायला लावतात, यावरून त्यांची अवघडता कळावी.

आता नोकरी-संसार सांभाळणाऱ्या एखाद्या वादकाच्या हाती हे पान येते. त्याने काय करावे? वाट माहीत आहे. प्रथम अवघड ओळी मेट्रोनोमवर निम्म्या लयीत घ्यायच्या आणि हळूहळू लय वाढवायची. श्वास कुठे घ्यायचा, ते पेन्सिलीने लिहून ठेवायचे. खालचे स्वर रोज थोडा वेळ लांबवर धरायचे. एका रविवारी चार तास वाजवण्यापेक्षा रोजची वीस मिनिटे बरी, कारण ओठ हेही स्नायूच आहेत. त्यांना विश्रांती लागते. शिवाय जिथे आपण गप्प आहोत तिथले ठोके मोजायचे आणि इतर काय वाजवतात ते ओळखीचे करून घ्यायचे. एवढे सारे कशासाठी? काही ओळींसाठी, ज्या वाजताना समोर सबंध गायकवृंद पूर्ण आवाजात गात असतो!

इथे दोन सबबी पुढे येतात. पहिली: “कोणाला कळणार आहे?” प्लेटोने ‘रिपब्लिक’मध्ये गायजीसची कथा सांगितली आहे. अंगठी फिरवली की तो अदृश्य होई. असा माणूस न्यायाने वागेल काय, हा तिथला प्रश्न. गायकवृंदामागे बसलेल्या वादकाच्या बोटात तीच अंगठी असते. श्रोत्यांना कळणार नाही, हे खरेच. पण शेजारच्या दोघांना कळते. स्वरमेळातला सर्वांत खालचा स्वर डळमळला की वरच्यांना आपला सूर कशावर टेकवायचा, ते समजत नाही. त्यांचे कष्ट आपल्या आळसाने वाया जातात. म्हणजे नुकसान होतेच; फक्त ते कोणी केले, हे लपून राहते.

दुसरी सबब: “मी काही पगार घेत नाही.” पण पगार नसला तरी शब्द दिलेला असतो. खुर्ची घेताना आपण ती दुसऱ्याला नाकारलेली असते. ‘ॲमॅच्युअर’ हा शब्द प्रेम या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आला आहे, आणि हौसेला मोल नसते असे आपणही म्हणतोच. मग ज्यावर प्रेम आहे, त्याच कामात पाट्या टाकायच्या, हे कसे जुळावे?

तरी एक न्याय्य मर्यादा आहे. घरी आजारी आई असेल, तर रियाजाचा तास तिचा आहे. आणि मनापासून कष्ट करूनही काही स्वर हाती लागणार नाहीत. मग काय करावे? आमच्या मते इथे दोन गोष्टींत फरक केला पाहिजे. वाद्यवृंदाच्या संचालकाला आधी सांगून, त्याच्या संमतीने, चार स्वर गाळून उरलेले नीट वाजवणे हा प्रामाणिकपणा आहे. स्लाइड हलवत वाजवल्याचे सोंग करणे ही मात्र फसवणूक आहे. अपुरेपणा हा दोष नव्हे; तो झाकण्यासाठी रचलेला देखावा हा दोष आहे.

ॲरिस्टॉटलने म्हटले आहे की, वीणा वाजवूनच माणूस वीणावादक होतो आणि न्यायाची कृत्ये करूनच न्यायी होतो. याची दुसरी बाजूही त्याला ठाऊक होती: वाईट वाजवत राहिल्याने वाईट वादक घडतो. जो कुणी पाहत नसताना वेळ मारून नेतो, त्याला तसेच करण्याची सवय लागते, आणि ती सवय वाद्याबरोबर पेटीत बंद होत नाही. ती घरी येते, हिशेबाच्या वहीत येते, दिलेल्या शब्दात येते.

आपल्यापैकी फार थोडे जण बास ट्रॉम्बोन वाजवतील. परंतु सोसायटीचा हिशेब लिहिणारे, वाचनालयाची पुस्तके लावणारे, गायकवृंदात मागच्या ओळीत उभे राहणारे आपल्यात पुष्कळ आहेत. या आठवड्यात असे पत्करलेले एखादे काम आपण हाती घ्यावे आणि स्वतःला विचारावे: यातल्या कोणत्या ओळी आपण खरोखर वाजवतो आणि कोणत्या ठिकाणी नुसती स्लाइड हलवतो? ज्या जमत नाहीत, त्या तसे सांगून सोडाव्यात. ज्या जमण्यासारख्या आहेत, त्यांच्यासाठी रोजची वीस मिनिटे काढावीत.