भानाचा पत्ता

मराठीत माणूस भानावर येतो, शुद्धीवर येतो. म्हणजे भान ही आत ठेवलेली वस्तू नाही, माणूस जिथे परततो ती जागा आहे. अनुवाद करताना ‘कॉन्शसनेस’ या एका शब्दासाठी मला शुद्ध, भान, जाणीव, चेतना यांतून निवड करावी लागते. मेंदूतलं तिचं ठिकाण शोधणाऱ्यांचा इतिहास वाचताना वाटतं, त्यांचीही अडचण हीच असावी : शब्द एक, शोध वेगवेगळ्या गोष्टींचा.

ॲरिस्टॉटलच्या मते संवेदनेचं केंद्र हृदय होतं. मेंदूचं काम शरीराची उष्णता निववण्याचं. १६४९ मध्ये देकार्तने पिनिअल ग्रंथीकडे बोट दाखवलं, कारण मेंदूतले बाकीचे भाग जोडीने असतात आणि ही एकटी. १९४९ मध्ये मोरुत्सी आणि मॅगून यांनी मांजराच्या मेंदूस्तंभाला विद्युत उद्दीपन दिलं, तेव्हा मेंदूलहरी जागेपणीच्या झाल्या. ही शुद्ध. पुढे क्रिक आणि कॉख यांनी दृष्टीचा अनुभव घेऊन मेंदूच्या बाह्यकात शोध घेतला. ही जाणीव. पंचवीस वर्षांत तिची खूण सापडेल, अशी पैज कॉख यांनी १९९८ मध्ये तत्त्वज्ञ चाल्मर्स यांच्याशी लावली आणि २०२३ मध्ये ते ती हरले.

पैज वाइनची होती, पण या प्रश्नावर माणसंही पणाला लागतात. २००६ मध्ये एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी अपघातानंतर कसलाच प्रतिसाद न देणाऱ्या एका तरुणीला स्कॅनरमध्ये सांगितलं, टेनिस खेळत असल्याची कल्पना कर. तिच्या मेंदूत निरोगी माणसासारखीच हालचाल उमटली. तिच्या अवस्थेचं वैद्यकीय नाव मराठीत आणायचं तर ‘वनस्पतिवत्’ लिहावं लागतं. तिथे माझा हात थांबतो. त्या शब्दाने निकाल आधीच दिलेला असतो. २००७ मध्ये ब्योर्न मर्कर यांनी मेंदूचा बाह्यक जवळजवळ नसलेल्या मुलांबद्दल लिहिलं. ती हसतात, ओळखीच्या माणसाकडे झुकतात. जाणीव फक्त बाह्यकात असते असं मानलं, तर ते हसू कोणाचं?

कोणी म्हणेल, डॉक्टरांना आणि घरच्यांना निर्णय घ्यावाच लागतो, शंकेवर किती दिवस काढणार? खरं आहे. उपचार थांबवणंही कधी योग्य असतं. पण त्याची कारणं त्या माणसाची इच्छा, त्याच्या वेदना, परतण्याची शक्यता ही असावीत. ‘आत कोणी नाही’ हे कारण देण्याइतका पत्ता अजून कोणाच्याच हाती नाही. तोवर खाटेवरच्या माणसाशी बोलताना तो ऐकतो आहे असं धरून बोलावं. आपण चुकलो तर चार शब्द वाया जातील. उलट चुकलो तर एक माणूस.