दाण्याचा हिशेब

आमच्या घरी पाणी गाळूनच घेतात, दिवस मावळायच्या आत जेवणं आटोपतात. हिंसेशी आपला संबंधच काय, असं मी अभिमानानं म्हणत असे.

२०१२ साली अमेरिकेत दुष्काळ पडला, तिथला मका करपला आणि जगभर मक्याचा भाव चढला. बेळगावजवळच्या माझ्या माहेरचा मकाही चांगल्या दरानं गेला. मला आनंद झाला. धाकट्या भावाला विचारलं, "एवढा मका खातं तरी कोण रे?" तो हसला. "आक्का, माणसं कुठं खातात? कोंबड्या खातात."

मग वाचत गेले. आपला मका व्हिएतनाम, इंडोनेशियाला जात होता, तोही मुख्यतः जनावरांच्या खाद्यासाठी. इकडे अमेरिकेत चारा-दाणा परवडेना, म्हणून शेतकऱ्यांनी गुरं कापायला विकली. कळप घटले आणि २०१४ मध्ये तिथलं गोमांस विक्रमी महागलं. परदेशी जाणाऱ्या मांसाचे दरही चढले. म्हणजे दाणा स्वस्त झाला की जनावरं जास्त पोसायची, महागला की लवकर कापायची. जीव दोन्हीकडून त्यांचाच!

आपल्याकडे कृत, कारित, अनुमोदित असे तीन प्रकार सांगितलेत. मी हिंसा केली नाही, करवलीही नाही. पण भाव चढल्यावरचा तो आनंद कशात मोडतो?

भावाला मका पेरू नको म्हणायचा मला अधिकार नाही; त्याची पोरं त्यावरच शिकली. मी एवढंच सोडलं, दुसऱ्याच्या ताटाकडे बघून नाक मुरडणं. प्रतिक्रमणाला बसले की आता तो दाणाही आठवतो.