परगांवचा विसावा

कांहीं दिवस कामधाम सोडून, घराबाहेर पडून, एखाद्या थंड जागीं स्वस्थ बसावें अशी इच्छा झाली म्हणजे आपल्या खेड्यांतील मनुष्य प्रथम लाजतो. ‘बसून खाणें’ हा आपल्याकडे दूषणाचाच शब्द आहे. ज्याच्या बापानें दुसऱ्याच्या बांधावर उन्हातान्हांत राबून लेंकरें वाढविलीं, त्याला विसाव्यासाठीं पैसा खर्चणें म्हणजे बापाच्या घामाची उधळपट्टी वाटते. ही लाज अगदींच वाईट नव्हे. परंतु ती योग्य आहे काय, हें पाहिलें पाहिजे.

1828 च्या सुमारास गव्हर्नर मालकम साहेबानें महाबळेश्वरीं वसाहत करविली, तेव्हांपासून थंड हवा ही मोठ्या लोकांची वस्तु झाली. मिशनरी मंडळीहि उन्हाळ्यांत तेथें जात. गरीब मनुष्य तिकडे गेला तर बहुधा ओझें वाहण्यास किंवा चाकरीस. आतां तसें राहिलें नाहीं. 2024 सालीं अहिल्यानगर हें नांव मिळालेल्या आपल्याच जिल्ह्यांत, अकोले तालुक्यांत, भंडारदरा आहे. प्रवरेवरील तेथील धरण 1926 सालीं पुरें झालें. समोर 1646 मीटर उंचीचें कळसूबाईचें शिखर, जवळच रंधा धबधबा, आणि पावसाळ्याच्या तोंडीं झाडें काजव्यांनीं लखलखतात. तेथें शेवगांव-पाथर्डीकडील मंडळीहि जीप ठरवून जातात.

पण जाऊन करितात काय? एका दिवसांत पांच ठिकाणें उरकतात, प्रत्येक ठिकाणीं फोनवर छबी काढितात, आणि रात्रीं जातांना होते त्याहून अधिक थकून घरीं येतात. यास विसावा म्हणण्यास माझें मन तयार होत नाहीं. ही दुसरी मजुरीच, मात्र पदरचे पैसे देऊन केलेली!

विसावा कसा द्यावा हें आपला शेतकरी जाणतो. मात्र तो तें ज्ञान बैलासाठीं राखून ठेवितो. पोळ्याच्या आदल्या दिवशीं खांदेमळणी होते. जूं जेथें घासतें, त्याच जागीं हळद व तूप चोळितात. शेंपटीला चोळीत नाहींत. आणि पोळ्याला बैलाच्या मानेवर जूं ठेवीत नाहींत. मनुष्याचेंहि असेंच आहे. जो वर्षभर नांगरामागें चालला, त्यानें डोंगर चढण्याचा हट्ट कशास धरावा? त्यानें बसावें. जो शाळेंत किंवा कचेरींत बसून अवघडला, त्यानें चालावें. आणि जिच्या हातून तव्यावरची भाकरी एक दिवस सुटली नाहीं, तिला दुसऱ्यानें केलेलें गरम अन्न आयतें मिळावें. तलावाच्या कांठीं तीन दगड मांडून बारा माणसांचा स्वयंपाक तिनेंच केला, तर सुट्टी कोणाची झाली? विसाव्याच्या दिवसाविषयींच्या आज्ञेंत धन्याबरोबर दासी, गुरें व दारचा परकाहि मोजला आहे, तें उगीच नव्हे.

याहून कठीण प्रश्न पुढें आहे. भंडारदऱ्याचें तेंच पाणी कालव्यांनीं राहुरी-श्रीरामपुराकडील उंसास जातें. तो ऊंस तोडावयास पाथर्डी-शेवगांवाकडील व बीडकडील जोडपीं दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतात. तेंहि घर सोडून परगांवीं राहणेंच. पण कोपींत, पहांटेच्या थंडींत, मोळ्या उचलीत. तेथें आजारानें एक दिवस पडून राहिलें, तर खाडा मांडतात व पैसे कापतात. म्हणजे जो विसावा एकास विकत मिळतो, तोच दुसऱ्यास दंड भरून घ्यावा लागतो. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळें मुंबईच्या गिरणी कामगारांस 1890 सालीं रविवारची सुट्टी मिळाली. उंसाच्या फडांत ती अजून पोहोंचलेली नाहीं.

मग ज्यास विसावा मिळतो त्यानें तो टाकून द्यावा काय? मला तसें वाटत नाहीं. आपण न बसल्यानें फडांतील बाई बसावयाची नाहीं. पण विसाव्याची गोडी ज्यानें चाखली, त्यास दुसऱ्याचा खाडा हा केवळ हिशोबाचा शब्द राहूं नये, एवढी अपेक्षा रास्त आहे. निदान करवंदें व जांभळें घेऊन रस्त्याकडेला बसलेल्या आदिवासी बाईशीं त्यानें दोन रुपयांसाठीं घासाघीस करूं नये, आणि चहा आणणाऱ्या पोराला ‘अरे’ म्हणून ओरडूं नये. कर्ज काढून तर मुळींच जाऊं नये. त्या जुंवाखालून खांदा निघतां निघत नाहीं.

मागें वैशाखांत आम्ही चार घरचीं माणसें तेथें गेलों होतों. एका झोंपडीवजा खाणावळींत जेवण सांगितलें होतें. आमच्यांतील एक वयस्क बाई प्रथम फार अस्वस्थ होत्या. तीनदां उठून चुलीपाशीं गेल्या. खाणावळवालीनें तिन्ही वेळां त्यांना हंसून परत लाविलें. मग पदर नीट करावा, कोणाची पिशवी उचलून ठेवावी, असें चाललें होतें. हातांना काम नाहीं म्हणजे करावें काय, हें त्यांना कळेना. अखेर त्या पाण्याकडे गेल्या, वहाणा काढिल्या, आणि पाय पाण्यांत सोडून बसल्या. जेवावयास हांक मारिली, तेव्हां त्यांनीं मागें न वळतांच सांगितलें, “तुम्ही घ्या वाढून, मी येतें सावकाश.”