जे यादीत नव्हते

कोपरखैरण्याला आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांना हार्ट अटॅक आला. चौथ्या दिवशी हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधला पडदा फाटला. सर्जनने त्यांच्या मुलाला विचारलं, ‘लगेच ऑपरेशन करायचं की थोडं थांबायचं? दोन्हींत धोका आहे.’ त्याने माझ्याकडे पाहिलं. बिल्डिंगमधला इंजिनीअर मी.

अटॅकमध्ये मेलेला स्नायू सुरुवातीला इतका मऊ असतो की टाके तो कापत जातात. दिवस गेले की कडा घट्ट होतात, ठिगळ धरतं. मोबाइलवर २०१२चा एक अमेरिकन अभ्यास सापडला. २,८७६ रुग्ण. अटॅकनंतर सात दिवसांच्या आत ऑपरेशन झालेल्यांपैकी ५४ टक्के दगावले, नंतर झालेल्यांपैकी १८. ‘थांब’ म्हणणारच होतो. मग लक्षात आलं, ही यादी ऑपरेशन झालेल्यांची. वाट बघताना जे गेले, ते हिच्यात नाहीतच. हे मी त्याला सांगितलं. सल्ला मात्र दिला नाही. प्रामाणिकपणा होता की अंग काढून घेणं, अजून ठरत नाही.

तो थांबला. मांडीच्या धमनीतून फुग्याचा पंप बसवला, दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या पहाटे बीपी कोसळलं. काका ऑपरेशनपर्यंत पोचलेच नाहीत.

परवा जिन्यात त्याने विचारलं, “त्या दिवशीच केलं असतं तर?”

निकालावरून निर्णय जोखू नये, हे मला पटतं. पण ते त्याला सांगायचा अधिकार मला आहे का? सही त्याची होती. मी म्हटलं, “चहा घेऊ, चल.”