कुलपाच्या आधीचा क्षण

दोन थ्रेड एकाच खात्यात एकाच वेळी पैसे भरू लागले, तर काय होते? दोघेही शिल्लक 100 वाचतात, दोघेही 10 मिळवतात आणि दोघेही 110 लिहितात. एक भरणा गायब! म्हणून शिलकीला म्युटेक्सचे कुलूप लावायचे. एक आत असेल तोवर दुसऱ्याने दाराशी थांबायचे. प्रोग्रामिंग शिकणाऱ्या प्रत्येकाला हे शिकवले जाते. पण ते कुलूप तयार कोणी आणि कधी करायचे, हा प्रश्न बहुतेक वेळा एका ओळीत उरकला जातो. तो तसा उरकण्याजोगा नाही.

डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी 1960च्या दशकात मांडलेला सेमाफोर पाहावा. तो म्हणजे एक मोजणी. ती 1 पासून सुरू केली, तर एका वेळी एकालाच आत सोडणारे कुलूप तयार होते. 0 पासून सुरू केली, तर पहिलाच येणारा अडतो आणि दुसऱ्या कोणी इशारा देईपर्यंत थांबून राहतो. यंत्रणा तीच, पण सुरुवातीच्या एका आकड्याने तिचे काम बदलते.

आता मूळ पेच. ‘म्युटेक्स तयार नसेल तर तयार करा’ अशी साधी अट कोणी लिहिली आणि दोन थ्रेड तिथे एकदम पोहोचले. पहिल्याने म्युटेक्स तयार केला, कुलूप लावले, तो आत शिरला. दुसऱ्याने अट आधीच तपासलेली होती; त्याने तोच म्युटेक्स पुन्हा नव्याने तयार केला. लावलेले कुलूप पुसले जाऊन दोघेही आत येऊ शकतात. युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या पॉझिक्स मानकानुसार, तयार असलेला म्युटेक्स पुन्हा तयार केल्यास काय होईल याची कसलीही हमी नाही. बरे, त्या अटीलाच कुलूप लावावे, तर ते दुसरे कुलूप कोण तयार करणार? इथेच घोडे पेंड खाते.

या पेचाने जाणत्यांनाही चकवले. वस्तू पहिल्यांदा लागेल तेव्हाच तयार करायची, आणि दर वेळी कुलपाचा खर्च नको म्हणून आधी कुलपाविना तपासायचे, नंतर कुलूप लावून पुन्हा तपासायचे, अशी एक युक्ती 1990च्या दशकात रूढ झाली. कागदावर ती निर्दोष दिसते. पण कंपायलर आणि प्रोसेसर सूचनांचा क्रम बदलू शकतात. वस्तूचा पत्ता आधी लिहिला जातो आणि आतली मांडणी मागाहून पूर्ण होते. मधल्या क्षणी आलेला थ्रेड पत्ता पाहून अर्धवट वस्तू वापरू लागतो. जावामध्ये ही युक्ती भरवशाची झाली ती 2004 मध्ये, पाचव्या आवृत्तीने व्होलाटाइल चलांचे नियम कडक केल्यावर, आणि तेही ते चल व्होलाटाइल घोषित केले तरच. सी प्लस प्लसने 2011च्या मानकात फंक्शनमधल्या स्टॅटिक चलाची मांडणी एकदाच आणि सुरक्षितपणे होईल अशी हमी दिली. सी भाषेत पीथ्रेड या पॉझिक्सच्या थ्रेड लायब्ररीतले पीथ्रेड वन्स हे फंक्शन याच कामासाठी आहे.

सर्वांत चांगला उपाय मात्र याहून साधा आहे: ज्या कुलपाला तयार करण्याचा वेगळा क्षणच लागत नाही, ते कुलूप. गो भाषेतला म्युटेक्स शून्य अवस्थेतच वापरायला तयार असतो. पीथ्रेडमधला जागतिक म्युटेक्स एका स्थिर मूल्याने प्रोग्राम सुरू होण्याआधीच सिद्ध करता येतो. याउलट, विंडोजमध्ये व्हिस्टापूर्वी मेमरी कमी पडली, तर क्रिटिकल सेक्शन हे तिथले कुलूप तयार करतानाच अपवाद उद्भवू शकत असे. म्हणजे रक्षण सुरू होण्याआधीच रक्षकच पडू शकत होता.

आणि हेही जमत नसेल, तर दुसरा थ्रेड जन्माला येण्याआधीची वेळ आहेच. तेव्हा स्पर्धा करायला कोणी नसते, आणि थ्रेड सुरू करण्याआधी जे लिहिले ते नव्या थ्रेडला दिसेल, ही हमी पॉझिक्स देते.

अशा चुका चाचणीत क्वचितच सापडतात, कारण दोन थ्रेडची नेमकी गाठ पडावी लागते. म्हणून जुना कोड हाती आला, की कुलूप कुठे लावले आहे हे पाहण्याआधी ते कुठे तयार झाले ती ओळ शोधावी. ती ओळ कोणत्या थ्रेडवर चालते हे खात्रीने सांगता येत नसेल, तर ती उचलून मुख्य फंक्शनच्या सुरुवातीला न्यावी.