पंढरी सोडून नामदेव का निघाले?

नायगावातून साहित्य संमेलनाला जायचे ठरले की तयारी महिना-दीड महिना आधीच सुरू होते. कविकट्ट्यासाठी कविता पाठवायची, निवड झाली का याची वाट बघायची, प्रतिनिधी शुल्क भरायचे, रजेचा अर्ज द्यायचा आणि नांदेडहून गाडीचे आरक्षण मिळते का ते पाहायचे. नायगाव, बिलोली, मुखेड, देगलूर या पट्ट्यात लिहिणारे बहुतेक शिक्षक असतात, नाहीतर शेतकरी घरातले. संमेलन जानेवारी-फेब्रुवारीत आले तर रानात हरभरा उभा असतो. अशा वेळी घरचे माणूस विचारते, तिथे जाऊन मिळते काय?

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. कविता एकट्याने लिहिली जाते आणि बहुधा एकट्यानेच वाचली जाते. अध्यक्षांचे भाषण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येते, परिसंवाद मोबाइलवर दिसतात, पुस्तक टपालाने घरी येते. मग एवढा प्रवास करून, परक्या गावात मिळेल तिथे पथारी टाकून, माणूस मिळवतो ते काय? मराठी संतपरंपरेत हाच प्रश्न सातशे वर्षांपूर्वी नामदेवांपुढे उभा राहिला होता.

नामदेवांच्या नावावरच्या ‘तीर्थावळी’च्या अभंगांत ही कथा आहे. ज्ञानदेव पंढरपुरात येतात आणि नामदेवांना तीर्थयात्रेला सोबत चला म्हणून गळ घालतात. नामदेव तयार नसतात. विठ्ठल डोळ्यांपुढे आहे, तोच आई, तोच बाप. त्याला सोडून दुसरे तीर्थ कशाला शोधायचे, असा त्यांचा सवाल. ज्ञानदेवांनाही तीर्थांची ओढ फारशी नाही. त्यांना नामदेवांचा सहवास हवा आहे. शेवटी विठ्ठलच जड मनाने निरोप देतो आणि दोघे चालू लागतात. वाटेत ज्ञानदेव भजनाचे मर्म विचारतात आणि नामदेव सांगतात. ज्ञानेश्वरीचा कर्ता प्रश्न विचारतो आहे आणि शिंप्याच्या घरात जन्मलेला भक्त उत्तर देतो आहे, असे ते दृश्य. पंढरपुरात बसून हा संवाद घडला नसता. तिथे नामदेवांना विठ्ठलाखेरीज कुणाशी बोलायची गरज वाटत नव्हती.

सहवासाची दुसरी बाजू कठोर आहे. ती कथा धाराशिव जिल्ह्यातल्या तेरची. गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमलेली. मडकी थापटण्याचे साधन बघून मुक्ताबाई विचारते, हे काय? गोरोबा म्हणतात, याने मडके कच्चे की पक्के ते कळते. मग आमचीही परीक्षा करा, असे ती म्हणते, आणि गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारत जातात. सगळे मुकाट सोसतात. नामदेव चिडतात, आणि एवढे एकच मडके कच्चे असल्याचा निकाल लागतो. दुखावलेले नामदेव विठ्ठलाकडे धाव घेतात, तर तोही त्यांना गुरू करायला सांगतो. म्हणून ते औंढा नागनाथला जातात. तिथे विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडलेले असतात. पिंड नसेल अशा जागी माझे पाय ठेव, असे ते सांगतात आणि तशी जागा नामदेवांना सापडत नाही.

पंढरी, तेर, औंढा. देवाचा लाडका भक्त घरी बसून राहिला असता तर आपण कच्चे आहोत हे त्याला कधी कळले नसते. देवाने त्याला कधी नाकारले नव्हते. नाकारण्यासाठी बरोबरीच्या माणसांची सभा लागली. लेखकाने गाव सोडून संमेलनाला का जावे, याचे सर्वांत प्रामाणिक कारण या कथेत आहे. गावात कौतुक होते. तालुक्याच्या कार्यक्रमात शाल-श्रीफळ मिळते आणि टाळ्या ओळखीच्या असतात. अनोळखी मंडपात, जिथे आपले नाव कुणाला ठाऊक नाही, तिथे वाचलेली कविता कशी पडते हे वेगळेच कळते. आपल्याच विषयावर दुसऱ्या जिल्ह्यातल्या कुणी आपल्यापेक्षा खोल लिहिले आहे, हे ऐकून घेण्याची वेळही तिथेच येते. नामदेवांसारखी चीड येणे स्वाभाविक आहे. पण त्या चिडीनंतर माणूस औंढ्याची वाट धरतो की घरी परततो, यावर पुढचे लेखन ठरते.

तेरच्या त्या सभेची आठवण जानेवारी २०२० मध्ये जागी झाली. ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेव्हाच्या उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, भरले आणि संमेलननगरीला गोरोबाकाकांचे नाव देण्यात आले. अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईचे धर्मगुरू, ‘सुवार्ता’चे अनेक वर्षांचे संपादक, ‘सुबोध बायबल’साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेले. ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष कसा, असा आक्षेप काहींनी घेतला. तरी संमेलन झाले, आणि प्रकृती बरी नसतानाही ते आले. गोरोबांच्या नावाच्या मंडपात येशूचा उपासक मराठीचा अध्यक्ष म्हणून उभा राहिला, ही मराठवाड्याने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे.

उलट घडल्याचाही दाखला आहे. २००९ साली महाबळेश्वरच्या संमेलनासाठी डॉ. आनंद यादव अध्यक्ष म्हणून निवडून आले होते. त्यांच्या ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीवर वारकऱ्यांनी आक्षेप घेतला. यादवांनी माफी मागितली, पुस्तक मागे घेतले, तरी अखेर अध्यक्षपद सोडावे लागले. संमेलन अध्यक्षांविना पार पडले. तुकोबांवर जिवापाड प्रेम करणाऱ्यांचे दुखणे खरे होते. पण तेरच्या सभेत निदान थापटणे मारल्यावर मडके फोडून टाकले नव्हते. नामदेवांना कच्चे ठरवले गेले आणि पक्के होण्याची वाट मोकळी ठेवली गेली. श्रद्धावंतांची सभा आणि लेखकाची कादंबरी समोरासमोर येतात तेव्हा ही वाट मोकळी राहायला हवी.

संमेलनाच्या सुरुवातीपासूनच आणखी एक प्रश्न त्याच्यासोबत चालत आला आहे. सभेत बसते कोण? न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने ११ मे १८७८ रोजी पुण्यात पहिले ग्रंथकार संमेलन भरले. १८८५ च्या संमेलनाचे आमंत्रण जोतीराव फुल्यांना गेले आणि त्यांनी ते पत्राने नाकारले. जे लोक सर्व माणसांचे हक्क मनापासून मानत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभा-पुस्तकांचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय. ‘ज्ञानोदय’ने ते छापले. या पत्राकडे रुसवा म्हणून पाहता येत नाही. जिथे माणसाला माणूस मानले जात नाही तिथे सत्संग होऊ शकत नाही, ही त्यामागची धर्मभूमिका आहे.

संतांच्या मेळ्यालाही हा प्रश्न सुटला नव्हता. त्या मेळ्यात गंगाखेडची जनाबाई होती, चोखोबा होते. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा गेले, तेव्हा नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरात आणून मंदिराच्या महाद्वारासमोर समाधी बांधली, असे परंपरा सांगते. नामदेवांनी आपल्याला शक्य होते ते केले. समाधी तरीही दाराबाहेरच राहिली. पंढरपूरचे मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. १९५८ साली मुंबईत दलित साहित्य संमेलन भरले आणि अण्णा भाऊ साठे यांनी त्याचे उद्घाटन केले. १९९९ साली धारावीत बाबुराव बागुलांच्या अध्यक्षतेखाली पहिले विद्रोही साहित्य संमेलन झाले. फुल्यांच्या पत्राने सुरू झालेली वाट अशी पुढे रुंद होत गेली.

एप्रिल २०२२ मध्ये या दोन्ही वाटा लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला एकाच वेळी पोहोचल्या. भारत सासणे यांच्या अध्यक्षतेखालचे ९५वे अखिल भारतीय संमेलन आणि गणेश विसपुते यांच्या अध्यक्षतेखालचे विद्रोही संमेलन त्याच शहरात, त्याच दिवसांत झाले. मुखेड-देगलूरच्या माणसाला उदगीर शेजारचे. एप्रिलच्या उन्हात एका मंडपातून दुसऱ्या मंडपात जाणे एवढेच त्याच्या हाती होते. ज्याला आपल्या विचारांची परीक्षा घ्यायची आहे, त्याला याहून चांगली संधी मिळणे कठीण.

मराठवाड्यात मराठीसाठी एकत्र जमणे ही गोष्ट सहज मिळालेली नाही. हैदराबाद संस्थानात शिक्षण आणि कारभारावर उर्दूचे वर्चस्व होते. गश्ती निशाण ५३ या फर्मानाने सभांवर निर्बंध घातले होते. त्या काळात, १९३१ साली, राजधानी हैदराबादेतच ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन झाले. परक्या राजवटीत आपली भाषा चारचौघांत बोलली जाते, एवढे ऐकण्यासाठीही माणसांनी तेव्हा प्रवास केला असेल. पुढे, १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाल्यानंतर, चित्र पालटले. १९८५ मध्ये संमेलन नांदेडला आले, अध्यक्ष शंकर पाटील. २०१३ मध्ये चिपळूणच्या संमेलनाचे अध्यक्ष नागनाथ कोत्तापल्ले होते. त्यांचा जन्म नायगावशेजारच्या मुखेडचा.

मग नामदेवांचे पुढे काय झाले? ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतल्यानंतर नामदेव उत्तरेत गेले आणि पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान इथे दीर्घकाळ राहिले, असे तिथली परंपरा मानते. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. एप्रिल २०१५ मध्ये याच घुमानला ८८वे साहित्य संमेलन झाले. अध्यक्ष डॉ. सदानंद मोरे, तुकोबांच्या वंशातले आणि ‘तुकाराम दर्शन’चे लेखक. महाराष्ट्रातून खास रेल्वेगाड्या सुटल्या. मराठी वस्ती नसलेल्या त्या गावात मराठी संमेलन कशाला, असे तेव्हा विचारले गेले. नांदेडच्या माणसाला त्याचे उत्तर घराजवळच मिळते. परंपरेने नामदेवांचे मूळ गाव मानलेली नरसी हिंगोली जिल्ह्यात आहे. नायगावजवळची चौकाची नरसी वेगळी. मराठवाड्यातला हा कवी पंजाबात गेला, त्याची वाणी तिथल्या ग्रंथात उतरली, आणि १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी ग्रंथालाच गुरुपद दिले ते गोदाकाठच्या नांदेडात. आज हजूर साहिबमध्ये नामदेवांची पदे गुरुवाणी म्हणून आदराने म्हटली जातात. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस त्या दोन टोकांना जोडते, आणि वाटेतल्या स्थानकांवर तिच्या प्रवाशांना लंगरचे जेवण मिळते. नामदेव पंढरीतच राहिले असते तर हे काही घडले नसते.

एकांताची बाजूही मोठी आहे, हे मानलेच पाहिजे. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसत, आणि त्या एकांतावाचून त्यांच्या अभंगांना ती धार आली नसती. गर्दीत कविता होत नाही. संमेलनात राजकारण असते, मानापमान असतात, मंचावरच्या खुर्च्यांसाठी चढाओढ असते. भाषणे लांबतात आणि कवींना वेळ उरत नाही. म्हणून अनेक चांगले लेखक तिकडे फिरकतही नाहीत, आणि त्यांचे चुकते असे म्हणता येणार नाही. पण डोंगरावरून उतरून तुकोबा देहूत आणि लोहगावात कीर्तनाला उभे राहत होते. एकांतात मिळालेले चारचौघांपुढे ठेवायचे आणि चारचौघांत कळलेले घेऊन पुन्हा एकांतात जायचे, अशी ही ये-जा आहे. त्यातला एकच टप्पा धरून बसणाऱ्याचे लेखन खुरटते.

संमेलनाची पहिली सकाळ ग्रंथदिंडीने उजाडते. पालखीत ग्रंथ, पुढे टाळ-मृदंग, मागे शाळेची मुले. वारीचे हे रूप संमेलनाने उचलले, तर वारीची शिस्तही उचलायला हवी. वारकरी पंढरीला जाताना सत्काराची अपेक्षा धरून निघत नाही. वाटेत भेटेल त्याच्या पाया पडतो आणि दुसऱ्याचे कीर्तन तासन् तास बसून ऐकतो. कविकट्ट्यावर आपली कविता वाचून लगेच उठून जाणारे अनेक असतात. त्यांनी तेरची सभा गमावलेली असते.

साताऱ्याचे जानेवारी २०२६ चे संमेलन ९९वे होते, पुढचे शंभरावे. नायगाव, बिलोली, मुखेडहून ज्यांना जायचे असेल त्यांनी पिशवीत स्वतःच्या संग्रहाच्या प्रती जरूर घ्याव्यात. त्यासोबत दोन गोष्टी आधीच ठरवून निघावे: ज्याचे म्हणणे पटत नाही अशा एका वक्त्याचे भाषण पूर्ण ऐकायचे, आणि ज्याचे नाव कधी कानावर आले नाही अशा एका कवीचे पुस्तक विकत घ्यायचे. परतल्यावर तालुक्याच्या वाचनालयात एक संध्याकाळ ठेवावी. त्या दिवशी स्वतःची कविता वाचू नये. ऐकलेले सांगावे आणि आणलेले पुस्तक कपाटात लावून द्यावे.